आठ हजारांचं परिमाण

दिगंबर मुनींजवळ पिंछी आणि कमंडलू असतो. त्यांना भिंती नाहीत, त्यामुळे भिंतीला रंग कोणता द्यावा ही विवंचनाही नाही. पंचाईत आहे ती माझ्यासारख्या संसारी श्राविकेची. दशलक्षण पर्वात उत्तम आकिंचन्यावरचं, म्हणजे ‘माझं काही नाही’ या भावावरचं, प्रवचन मान डोलावत ऐकायचं, आणि दिवाळी जवळ आली की सुनेबरोबर कापड पेठेत पडद्याचं कापड चाचपायचं. यातलं एक ढोंग आहे का?

शास्त्र गृहस्थाला घर सोडायला सांगत नाही. श्रावकाच्या अकरा प्रतिमांत, म्हणजे पायऱ्यांत, परिग्रहत्याग नववी. तिथवर पोचेपर्यंत पाचवं अणुव्रत पाळायचं, परिग्रह-परिमाण. म्हणजे आपल्याला किती पुरे ते आधी ठरवायचं. तत्त्वार्थसूत्रात या व्रताचे अतिचार, म्हणजे दोष, सांगितलेत, त्यात पहिली जोडी शेत आणि घर यांची आहे. घर असणं दोषात मोजलेलं नाही. बोललेलं माप ओलांडणं मोजलंय. त्याच ग्रंथात परिग्रहाची व्याख्या करताना वस्तूंची गणती नाही, वस्तूत जीव अडकण्याला, म्हणजे मूर्च्छेला, परिग्रह म्हटलंय.

म्हणून बाजारात पाऊल टाकण्याआधी आम्ही सजावटीच्या खर्चाचा आकडा ठरवला: आठ हजार रुपये.

आमचं घर सांगलीच्या गावभागात. 2019 च्या पुरात खालच्या खोलीत कृष्णेचं पाणी शिरलं, तेव्हापासून भिंती ओल धरतात. त्यांवर ऑइलपेंट टिकत नाही. आतली ओल कोंडते आणि रंगाचे पापुद्रे सुटतात. मग जुना रंग पार खरवडला आणि चुना द्यायचं ठरलं. कळीचा चुना रात्रभर भिजवून गाळायचा, अंगाला लागू नये म्हणून डिंकाचं पाणी, शुभ्रपणासाठी चिमूटभर नीळ. पातळ हात द्यायचे, घाई करायची नाही. ओली असताना भिंत मळकट दिसते, वाळली की उजळते. चुन्यातून ओल बाहेर पडते आणि बुरशीही सहसा धरत नाही.

खरवडण्याआधी फोटोंच्या चौकटी उतरवल्या. मागे कोळी होते. सुनेने ते सुपलीत घेऊन परसात सोडले, त्यात अर्धी सकाळ गेली. गडी खोळंबला म्हणून हे कुरकुरले. पण अहिंसा पाळायची तर तिला वेळ द्यावा लागतो. बाजारातही तेच: दुकानदाराने उशांचे रेशमी अभ्रे पुढे केले, ते परत केले. रेशमासाठी कोष किड्यासकट उकळतात. इचलकरंजीचं सुती कापड पडद्यांना चांगलं शोभलं. जुन्या लुगड्यांची वाकळ बैठकीवर अंथरली, तिचे फिके रंग चुन्याच्या भिंतीपुढे खुलले.

माळ्यावर सासूबाईंची पितळी भांडी होती. कधीतरी लागतील म्हणून ह्यांनी ती जपलेली. सून म्हणाली, “आई, नवा पडदा घेतला की परिग्रह, आणि हे पोत्यात बांधून ठेवलंय ते?” तिचं म्हणणं शास्त्राला धरून होतं. काटकसरीच्या नावाखाली जुनं धरून ठेवणं सोपं असतं, त्याला कोणी हाव म्हणत नाही. ह्यांनी दोन दिवस तोंड फुगवलं, मग स्वतःच पोतं सोडलं. एक तांब्या ठेवला, बाकीची भांडी बस्तीत, म्हणजे आमच्या मंदिरात, दिली. खोलीत सगळ्यांत मोठा फरक त्याने पडला, आणि त्याला एक पैसा लागला नाही.

सोफ्याच्या दुकानात खरी कसोटी लागली. विक्रेता म्हणाला, “आठ हजार कशाला, महिन्याला नऊशे द्या.” मला हेमचंद्राचार्य आठवले. ते श्वेतांबर, आम्ही दिगंबर, पण माणसाची नस त्यांनी नेमकी ओळखली होती. बाराव्या शतकातल्या त्यांच्या योगशास्त्रात या व्रताच्या पळवाटा सांगितल्यात. एकाच घराचं व्रत घेतलेल्याला शेजारचं घर हवंसं होतं. तो मधली भिंत पाडतो आणि दोन्ही मिळून एकच घर म्हणतो. आकडा शाबूत, व्रत गेलं. हप्त्यांचं गणित असंच: नऊशे ही रक्कम आठ हजारांच्या आतच दिसते. आम्ही जुन्या लाकडी बाकालाच पॉलिश केलं.

सगळं होऊन थोडे पैसे उरले. उरले म्हणून खर्चले नाहीत. आता कोणी पाहुणा खोलीचं कौतुक करतो, तेव्हा “एवढ्यात झालं” हे सांगायला जीभ शिवशिवते. तीही मूर्च्छाच: जीव सोफ्यात अडकला नाही, तर काटकसरीत अडकतो. ती जीभ आवरणं चुन्याचे हात देण्याहून अवघड आहे.

प्रवचन आणि पडदा, दोन्ही खरे असू शकतात असं मला वाटतं. फक्त आकडा पडद्याच्या आधी ठरलेला हवा. सुंदर वस्तू वाईट नाही. ती सोडताना जीव किती तुटतो, तेवढाच तिचा परिग्रह. आमच्याकडे ते मोजायला नदीच आहे. पाणी चढू लागलं तर वरच्या मजल्यावर काय न्यायचं याची यादी कपाटाच्या दाराला चिकटवली आहे: कागदपत्रं, औषधं, धान्य, ग्रंथ. पडदे त्या यादीत नाहीत, आणि ते मला फार आवडतात.