सोपी वाट

पुण्याला समुद्र नाही. पश्चिमेला शंभरेक किलोमीटरवर तो आहे, पण इथलं पाणी त्याच्याकडे पाठ फिरवून मुळा-मुठेतून भीमेत, भीमेतून कृष्णेत आणि तिथून बंगालच्या उपसागरात जातं. नदीकाठचं रान पाहायचं तर पुणेकराला येरवड्याजवळचं डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य आहे.

तिथली वाट सोपी. चढ नाही, दम लागत नाही. सोप्या वाटेची अडचण ही की तोंड मोकळं राहतं. चढावर माणूस आपोआप गप्प होतो. सपाटीवर फ्लॅटचे भाव निघतात, आणि पक्षी ते ऐकायला थांबत नाही.

ज्यांचं नाव या काठाला दिलंय, ते १९३० मध्ये बेकार होते. बर्लिनहून पक्षिशास्त्र शिकून परतले, तर मुंबईच्या संग्रहालयातली त्यांची जागा पैशांअभावी रद्द झालेली. मग अलिबागजवळ किहीमला, समुद्रकाठच्या झाडीत जाऊन राहिले. तिथे सुगरणींची वसाहत होती. दुर्मीळ काहीच नाही. पावसाळाभर ते तेवढंच पाहत राहिले. नर अर्धं घरटं विणतो आणि त्याला लोंबकळून पंख फडफडवतो. मादी आत शिरून विणकाम तपासते. पसंत पडलं तर राहते. नर ते पुरं करतो आणि लगेच दुसरं विणायला घेतो, दुसरीसाठी! हे सगळं पिढ्यान्‌पिढ्या पाणवठ्यावर उघड्यावर चाललं होतं. पण पाणी भरणाऱ्यांना सवड नव्हती, आणि सवड असलेले साहेब वाघामागे होते.

दुर्मीळ पक्षी दिसला की यादी वाढते. रोजचा नीट दिसला की समज.

हिवाळ्यात इथे पुण्यात हिमालयापलीकडून चक्रवाक उतरतात. काळ्या पाण्यात शेकाट्या आपल्या लांब गुलाबी पायांवर उभा असतो. नाक म्हणतं चल, डोळे म्हणतात थांब. तुतवार शेपूट हलवत चिखल टोचत फिरतो.

शहराला काठ स्वच्छ हवा. म्हणजे आधी झुडूप नको, मग चिखल नको. तुतवाराचं जेवण त्याच चिखलात. सुगरणीला काठावर बाभळीसारखं झाड लागतं, फांदीखाली पाणी लागतं आणि जवळपास लांब पात्याचं गवत. बाकं आपल्याला लागतात.