दाराच्या आतली बाजू

डागडुजी आणि झाकाझाकी यांत फरक कोणता, या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे असे आम्हांला अगदी अलीकडेपर्यंत वाटत होते. मोडलेले जोडणे ही डागडुजी आणि मोडलेले लपवणे ही झाकाझाकी. एका जुन्या मोटारीच्या दारांनी मात्र या उत्तराचा सोपेपणा घालवला. दोन्ही कामांना साहित्य तेच लागते, कारागीरही तोच लागतो आणि काम संपल्यावर दोन्ही दिसतातही सारखीच. मग नीतीच्या दृष्टीने त्यांना वेगळे करणारी रेषा शोधायची कोठे?

मोटार म्हणजे आमच्या घरची १९८६ सालची प्रीमियर पद्मिनी. कुर्ल्याच्या कारखान्यात १९६४ पासून फियाट ११०० डिलाइट या नावाने तयार होणाऱ्या या गाडीला १९७४ मध्ये पद्मिनी हे नाव मिळाले आणि २००१ पर्यंत तिचे उत्पादन चालले. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीची ओळखच ती. ऑक्टोबर २००३ मध्ये नोंदलेली अशी शेवटची टॅक्सी वीस वर्षांची मुदत संपून ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस रस्त्यावरून गेली. आणि कालपर्यंत जिच्याकडे कोणी वळून पाहत नव्हते त्या गाडीची हौशी मंडळी चौकशी करू लागली. आमच्या घरचे गाडी चालवणारे हात आता थकले आहेत, म्हणून आम्हीही ती विकायचे ठरवले. शेजारच्या धर्मग्रामातील एका तरुण जोडप्याने ती पसंत केली, किंमतही ठरली. दारांच्या आतील पॅड मात्र फार जीर्ण झाले होते. खालची कड फुगून वाकली होती, तेथले रेक्झिन सुटून लोंबत होते आणि कोपर टेकण्याच्या जागी झिजून आतला फोम दिसत होता. "तेवढे आम्ही नीट करून देऊ," असे आम्ही आपण होऊन सांगितले.

दाराचे पॅड ज्यांनी उतरवलेले पाहिले नाही, त्यांच्यासाठी थोडे सांगायला हवे. हार्डबोर्डाच्या पातळ फळीवर फोमचा थर, त्यावर ताणून बसवलेले रेक्झिन आणि मागच्या बाजूस ओळीने क्लिपा, अशी त्याची रचना असते. क्लिपा दाराच्या पत्र्यातील भोकांत दाबून बसवलेल्या असतात. पॅड काढायचे तर आधी काच वरखाली करण्याचे हँडल आणि कोपर टेकण्याच्या मुठीचे स्क्रू काढावे लागतात. मग पेचकसाच्या टोकाला कापड गुंडाळून, ते कडेने सरकवीत, एकेक क्लिप सोडवायची. घाई केली की क्लिप सुटत नाही, बोर्डच फाटतो. आम्ही घरच्यांनीच पहिले पॅड उतरवले, तेव्हा ध्यानात आले की रेक्झिन सुटले होते ते त्याच्या स्वतःच्या दोषाने नव्हे. ज्या बोर्डाला ते धरून होते, तो बोर्डच मागून कुजला होता.

असे का होते? मोटारीच्या दारात पाणी शिरतेच. काचेलगतची रबरी पट्टी कितीही चांगली असली, तरी पावसाचे काही पाणी काचेवरून ओघळत दाराच्या पोकळीत उतरते. गाडी करणाऱ्यांनी हे गृहीतच धरलेले असते. म्हणून दाराच्या तळाशी निचऱ्याची छिद्रे ठेवतात आणि पॅड व पत्रा यांच्यामध्ये पाणी अडवणारा प्लास्टिकचा कागद चिकटवतात. छिद्रे धुळीने आणि पाल्याच्या चुऱ्याने बुजली, कागद फाटला, की पावसाचे चार महिने हार्डबोर्ड मागच्या बाजूने पाणी पीत राहतो. तो फुगतो, क्लिपांची पकड सैल होते, आणि सर्वांत शेवटी, सर्वांत बाहेरचे, रेक्झिन सुटते. आमच्या गाडीतला तो कागद कधीतरी काचेच्या दुरुस्तीसाठी काढला गेला होता आणि पुन्हा लावलाच नव्हता. छिद्रे चिखलाने भरली होती. तळाच्या पत्र्यावर पेचकस टेकवला, तर एका जागी त्याचे टोक आरपार गेले.

गाडीच्या सीटा शिवणाऱ्या कारागिराला आम्ही हे दाखवले. तो म्हणाला, "नवा बोर्ड, नवे रेक्झिन बसवून देतो. दोन दिवसांत गाडी नव्यासारखी. पत्र्याला हात लावलात तर वेल्डिंग, रंग, खर्च वाढतच जाईल. आणि आत कोण बघतो, साहेब?" त्याच्या बोलण्यात कपट नव्हते, आमचे पैसे वाचावेत एवढाच त्याचा हेतू होता. खरे सांगायचे तर तो सल्ला आम्हांला गोड लागला. जुन्या गाडीला गंज असायचाच. घेणारे सज्ञान आहेत. आम्ही खोटे एक अक्षर बोललो नाही. उलट पदरचे पैसे घालून पॅड करून देत आहोत. अशी कारणे शोधावी लागली नाहीत, ती आपोआप सुचली. पॅड उघडलेच नसते तर बरे झाले असते, असेही मनात येऊन गेले.

संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकात 'सुम्मा थिओलॉजिए' या आपल्या ग्रंथात खरेदीविक्रीतील फसवणुकीचा स्वतंत्र विचार केला आहे. दुसऱ्या भागाच्या उत्तरार्धातील तो ७७ वा प्रश्न. विकणाऱ्याने वस्तूतील दोष सांगितलाच पाहिजे काय, असे ते विचारतात, आणि त्यांचे उत्तर सरसकट नाही. दोष गुप्त असेल व त्यामुळे घेणाऱ्याला धोका वा नुकसान पोचणार असेल, तर तो सांगणे बंधनकारक आहे. लंगडा घोडा वेगवान म्हणून किंवा मोडकळीस आलेले घर भक्कम म्हणून विकणे ही फसवणूकच. पण दोष उघड असेल, जसे घोड्याला एकच डोळा असेल, आणि किंमत त्या मानाने उतरवली असेल, तर तो बोलून दाखवण्याची सक्ती नाही. विकणाऱ्याला दोष ठाऊकच नसेल तर त्याला पाप लागत नाही. मात्र तो कळल्यावर घेणाऱ्याची भरपाई करणे त्याला चुकत नाही.

या कसोटीवर आमचे दार लावून पाहिले, तेव्हा आमचे औदार्य आम्हांला वेगळ्याच रूपात दिसू लागले. कालपर्यंत ते दार एकडोळ्या घोड्यासारखे होते. फुगलेली कड आणि लोंबणारे रेक्झिन आतल्या ओलाव्याची साक्ष देत होते. जाणत्या माणसाने ते पाहून सहज विचारले असते, "आत पाणी उतरते काय?" नवे रेक्झिन चढवताच ती साक्ष पुसली जाणार होती. दोष नाहीसा होणार नव्हता, फक्त उघड होता तो गुप्त होणार होता. त्याला गुप्त करणारे आम्हीच असल्यामुळे त्याविषयी गप्प बसण्याचा आमचा हक्क संपत होता. तोंडाने आम्ही खोटे बोललो नव्हतो हे खरे. पण ते नवे रेक्झिन आमच्या वतीने बोलणार होते.

तर मग जुन्या वस्तूला नवे रूप देणेच गैर काय? मुळीच नाही. वस्तू सुधारून अधिक किमतीस विकणारा आपल्या श्रमांचे मोल घेतो, असे तेच संत त्याच प्रश्नात म्हणतात. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या 'लाउदातो सी' या परिपत्रकात वापरून फेकून देण्याच्या वृत्तीवर कठोर टीका केली आहे. त्या वृत्तीला उत्तर द्यायचे तर दुरुस्त करणारे हात हवेतच. प्रभू येशूने परुशांना चुना लावलेल्या कबरींची उपमा दिली, तेव्हाही चुन्याला दोष दिला नव्हता. रेषा साहित्यात नाही आणि कारागिराच्या हातातही नाही. काम पुरे झाल्यावर तेच पॅड घेणाऱ्यासमोर पुन्हा उतरवून दाखवायला आपण तयार आहोत काय, या प्रश्नाच्या उत्तरात ती आहे. तयार असू तर ती डागडुजी; मन कचरत असेल तर ती झाकाझाकी, मग खर्च कितीही केलेला असो.

हा विचार मोटारीपाशी थांबला नाही. कुमसाराला जाताना आपण बहुधा झिजलेले रेक्झिन तेवढे सांगतो: रागावलो, प्रार्थना चुकली. राग कोणत्या वाटेने आत झिरपतो, कोणती जुनी अढी निचऱ्याची छिद्रे बुजवून बसली आहे, हे पॅड न उतरवता कसे कळणार? पश्चात्ताप, पापनिवेदन आणि प्रायश्चित्त अशा तीन गोष्टी ख्रिस्तसभा आपल्याकडून मागते. नुसत्या नव्या रेक्झिनावर ती समाधान मानत नाही.

आम्ही त्या जोडप्याला बोलावले आणि उघडे दार दाखवले. त्या तरुणाने पत्र्याच्या भोकात बोट घालून पाहिले. तो बराच वेळ बोलला नाही. शेवटी वेल्डिंगचा खर्च आम्ही सोसायचा असे ठरले. हाती येणारी रक्कम कमी झाली आणि त्याचे काहीच वाटले नाही, असे आम्ही म्हणणार नाही. गंजलेला पत्रा कापून नवा जोडला, छिद्रे मोकळी केली. नव्या बोर्डाच्या पाठीला आणि कडांना तेलरंग दिला, प्लास्टिकचा कागद लावून त्याची खालची कड दाराच्या आत वळवली, आणि मगच रेक्झिन चढलेले पॅड बसवले.

गाडी नेण्याच्या दिवशी त्या तरुणाच्या पत्नीने तांब्याभर पाणी मागून घेतले आणि बंद काचेवर सावकाश ओतले. आम्ही सारे दाराच्या तळाकडे पाहत उभे राहिलो. थोड्याच वेळात पाणी खालच्या छिद्रांतून ठिबकू लागले. दारात पाणी शिरणार नाही, असे वचन आम्ही त्यांना दिले नव्हते. आत आलेल्या पाण्याला बाहेर जायला वाट आहे, एवढेच आम्ही सांगितले होते, आणि ते खरे निघाले.