थोडक्यात वाचलो!

आमच्या कुकरचा सेफ्टी व्हॉल्व्ह उडाला आणि तुरीची डाळ छताला चिकटली. घरात लगेच चौकशी समिती बसली. विषय एकच : "कुणी केलं?" मी हिच्याकडे पाहिलं, हिनं माझ्याकडे. निकाल कुकरविरुद्ध लागला. मग चिरंजीव हळूच म्हणाले, "शिट्टी गेल्या आठवड्यातही तुंबली होती, बाबा. पण सांगितलं असतं तर तुम्ही ओरडला असता."

ओरडण्यासाठी उघडलेलं तोंड मी मिटलं. मला भोपाळ आठवलं. तिथल्या युनियन कार्बाइडच्या कारखान्यात १९८१ साली फॉस्जीननं एक कामगार दगावला. १९८२ मध्ये कंपनीच्याच अमेरिकन तपासनिसांनी उणिवा लिहून दिल्या. गावातले पत्रकार राजकुमार केसवानी धोक्याबद्दल लिहीत राहिले. तरी २ डिसेंबर १९८४ च्या रात्री विषारी वायूची टाकी उसळली, तेव्हा ती थंड ठेवणारं यंत्र बंदच होतं. हजारो माणसं गेली.

थोडक्यात वाचलो की आपण नारळ फोडतो आणि विसरतो. खरं बोलावं, हे आपण मुलांना शिकवतो. खरं ऐकावं कसं, हे आपल्याला कोण शिकवणार?

परवा चिरंजीवांनी आपणहून गणिताचे मार्क सांगितले. माझा सेफ्टी व्हॉल्व्ह मी महाप्रयासानं सांभाळला.