मृताची मिळकत आणि वर्तमानपत्रे

ठाणे-डोंबिवलीत वाचल्या जाणाऱ्या वर्तमानपत्रांच्या आतल्या पानांवर बारीक टाइपात दाटीने छापलेल्या जाहीर नोटिसा असतात. अमुक गृहनिर्माण संस्थेचे सभासद निवर्तले. त्यांची सदनिका अमुक क्रमांकाची. कोणाचा हक्क वा हरकत असल्यास मुदतीत कळवावी. सभासदाने नामनिर्देशन केलेले नसेल तर संस्थेने अशी नोटीस द्यावी, असे उपविधीच सांगतात. पण परवापरवा ज्या घरातून तिरडी निघाली, त्याच घराचा क्रमांक वाचून दलाल जिना चढू लागले, तर त्या घरच्या बाईस काय वाटत असेल?

तरीही नोटीस वाईट म्हणवत नाही. परगावी दिलेली मुलगी, पहिल्या लग्नाची मुले, यांच्या कानी बातमी जावी म्हणून ती असते. नोंदणीच्या १९०८ च्या कायद्यातही हाच विचार दिसतो. नोंदविलेल्या मृत्युपत्राची नक्कल, ते करणारा जिवंत असेतो, त्याला किंवा त्याच्या मुखत्याराला मिळते; त्याच्या मृत्यूनंतर मात्र मागेल त्यास मिळते.

मग वर्तमानपत्रकार विचारील, मागेल त्यास मिळते ते मी छापले तर बिघडले काय? कायदा बहुतांशी त्याच्या बाजूचा आहे. खासगीपणाचा हक्क माणसाबरोबरच संपतो, असे दिल्ली उच्च न्यायालयाने २०२३ साली सुशांतसिंह राजपूत प्रकरणी म्हटले. हे मान्य, पण लाज मेलेल्याची जात नसते, मागे राहिलेल्यांची जाते. शिवाय दप्तर उघडे असणे निराळे आणि ते घरोघर वाटणे निराळे. दप्तरापाशी जाणाऱ्यास बहुधा काम असते. सकाळच्या चहाबरोबर वाचणाऱ्यास नुसते कुतूहल.

१८९७ साली पुण्याच्या बाबामहाराजांनी मृत्युसमयी मृत्युपत्र करून टिळकांस एक विश्वस्त नेमले. पुढे दत्तकाचा वाद पेटला, टिळकांवर खोट्या साक्षीचा आरोप आला, १९०४ साली ते हायकोर्टात सुटले आणि मूळ दाव्याचा निकाल १९१५ साली प्रिव्ही कौन्सिलात लागला. टिळकांच्या विश्वस्तपणाची छाननी उघड्यावर होणे योग्यच होते. तो पुरुषच सार्वजनिक. पण त्याच कागदांतून तरुण विधवा ताईमहाराजांचे घरगुती जीवनही उघडे पडले, आणि त्यांनी तर कोणतेही सार्वजनिक कार्य पत्करले नव्हते.

निवडणुकीस उभा राहणारा आपली मालमत्ता जिवंतपणीच प्रतिज्ञापत्रावर लिहून देतो. त्याच्या पश्चात ती किती निघाली आणि कोणाच्या नावावर निघाली, हे संपादकाने अवश्य छापावे; वारसांच्या शोकाची सबब तेथे ऐकू नये. कल्याणच्या निवृत्त कारकुनाने धाकट्यास घर दिले आणि थोरल्यास वगळले, ही मात्र बातमी नव्हे. यासाठी दप्तराला कुलूप घालावे असे मी म्हणणार नाही. त्या कुलपाचा पहिला उपयोग बेनामी मिळकतवालेच करतील. विवेक संपादकाच्या मेजावरच व्हावयास हवा.

नोटीस टाळण्याचा सोपा मार्ग म्हणजे जिवंतपणी नामनिर्देशनाचा अर्ज भरणे. परंतु नामनिर्देशित म्हणजे वारस नव्हे. आणि नोटीस निघालीच नाही, तर परगावच्या त्या मुलीला कळवणार कोण?