वाट वाकडी करून



गेल्या महिन्यात चर्चच्या एका कामासाठी पुण्याला जावे लागले. काम दुपारी बारा वाजताच आटोपले, म्हणून परतताना रामवाडीला उतरलो. आपल्यापैकी जे शिरूरहून एस.टी.ने पुण्याला जातात त्यांना नगर रस्त्यावरचे हे ठिकाण परिचयाचे आहे. १८९३ साली श्रीलंकेतील कँडी येथे सुरू झालेली पेपल सेमिनरी १९५५ साली पुण्याला आली, ती येथेच. या सेमिनरीत राहून मी ज्ञानदीप विद्यापीठात तत्त्वज्ञान शिकलो. माझ्या वर्गातले दोघे आता तेथे शिकवतात.

मला पाहून दोघांनाही आनंद झाला. एकाने तास संपवून आल्याआल्या पाठीवर थाप मारली. चहा झाला, जेवण झाले, जुन्या प्राध्यापकांच्या नकला झाल्या. मग एकाने सहज विचारले, "अरे, आपला दौंडचा मित्र कसा आहे? तू तर त्याच्या जवळ राहतोस."

मला उत्तर देता आले नाही. आमच्या चौघांच्या जोडगोळीतला तो चौथा. तत्त्वज्ञानाचा अभ्यास पूर्ण करून त्याने सेमिनरी सोडली, रेल्वेत नोकरी धरली, संसार थाटला. शिरूरला आल्यापासून मी एकदाही त्याच्याकडे गेलो नव्हतो. हे दोघे मात्र मागच्या वर्षी पुण्याहून गाडीने जाऊन त्याला भेटून आले होते. मी म्हणालो, "वेळच मिळत नाही रे." दोघेही काही बोलले नाहीत. पण एस.टी.त बसल्यावर मलाच माझे उत्तर खोटे वाटू लागले.

जुन्या मित्राचे आपण काही देणे लागतो का? हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. माणसे बदलतात, रस्ते वेगळे होतात. ज्याच्याशी आज काही संबंध उरला नाही, त्याच्याकडे केवळ जुनी ओळख म्हणून का जावे? शिवाय ख्रिस्ती माणसाने सर्वांवर सारखेच प्रेम करावे, मग एखाद्यालाच खास का मानावे?

ॲरिस्टॉटलने नीतिशास्त्रावरील आपल्या ग्रंथाच्या दहा भागांपैकी दोन भाग मैत्रीला दिले आहेत. तो म्हणतो की काही मैत्री उपयोगापुरती असते, काही मौजेपुरती, आणि काही मैत्रीत आपण त्या माणसाचेच भले इच्छितो. पुढे तो आपलाच प्रश्न विचारतो : एक मित्र बदलला, दुसरा तेथेच राहिला, तर काय करावे? पूर्वीसारखी जवळीक राहणार नाही, हे तो मान्य करतो. तरीही जो एकदा मित्र होता त्याला अगदी परका मानू नये, जुन्या स्नेहाची काही जाण ठेवावी, असे त्याचे मत आहे.

रामवाडीहून पुण्याकडे थोडे पुढे गेले की येरवड्याचे डेक्कन कॉलेज लागते. टिळक आणि आगरकर यांची मैत्री त्या कॉलेजातली. १८८० साली न्यू इंग्लिश स्कूल, १८८१ साली 'केसरी' आणि 'मराठा', १८८२ साली डोंगरीच्या तुरुंगात दोघांनी एकत्र काढलेले १०१ दिवस. पुढे समाजसुधारणेवरून बिनसले. आगरकरांनी 'केसरी' सोडला आणि १८८८ साली 'सुधारक' काढला. दोघांनी एकमेकांवर कडक लिहिले. १८९५ साली चाळिशीही न गाठता आगरकर गेले, तेव्हा त्यांच्यावर 'केसरी'त मृत्युलेख लिहिला तो टिळकांनीच. मते वेगळी झाली म्हणून स्नेह मेला होता असे नाही. पण मृत्युलेख ज्याच्यासाठी लिहायचा, तो वाचायला नसतो.

प्रभू येशूलाही मित्र होते. यरीहोहून यरुशलेमला जाणाऱ्या वाटेवर बेथानी हे गाव आहे, यरुशलेमपासून सुमारे तीन किलोमीटरवर. तेथे मार्था, मरीया आणि लाजरस राहत. सर्वांवर प्रेम करणाऱ्या प्रभूचेही एक घर खास होते. पण लाजरस आजारी असल्याचा निरोप आला तेव्हा प्रभू यार्देन नदीपलीकडे होता. यहूदीयात परत गेलास तर लोक दगडमार करतील, असे शिष्य बजावत होते. तरी तो गेला (योहान, अध्याय ११). वाटेवरच्या मित्राकडे थांबणे सोपे असते. मैत्री कळते ती वाट वाकडी करावी लागते तेव्हा.

माझी रामवाडी सरळ वाटेवर होती. दौंड नव्हते.

पुढच्याच आठवड्यात न्हावऱ्याच्या रस्त्याने दौंडला गेलो. दार मित्रानेच उघडले. क्षणभर पाहत राहिला आणि म्हणाला, "इकडे काही काम काढलंस का?" मी म्हणालो, "नाही रे, तुझ्याकडेच आलोय." तो काही बोलला नाही, नुसता बाजूला झाला. वहिनी म्हणाल्या, "फादर, बसा ना." मग त्याने स्वतः चहा केला. संध्याकाळच्या गाडीच्या आवाजापर्यंत आम्ही बोलत बसलो.

तेथे बसलो असताना मला खरे कारण कळले. वेळ नव्हता असे नव्हते. त्याने जो रस्ता सोडला त्यावर मी चाललो होतो, आणि त्याच्यासमोर बसलो तर माझ्याच निवडीविषयी प्रश्न पडतील, ही भीती मनात होती. जुना मित्र आपल्याला फादर, साहेब किंवा शेठ होण्याआधीपासून ओळखतो. त्याच्यापुढे तोरा चालत नाही. म्हणून आपण त्याला टाळतो, आणि म्हणूनच आपल्याला त्याची गरज असते. त्याचे देणे आपण लागतो ते त्याने कधी मदत केली म्हणूनच नव्हे. आपल्या आयुष्याचा एक भाग आता फक्त त्याच्याचजवळ शिल्लक आहे.

आपल्यापैकी कितीतरी जण नोकरीसाठी रांजणगावच्या एमआयडीसीत किंवा रेल्वेत आले, गाव आणि शाळा मागे राहिली. कोणाचे पैशावरून बिनसले, कोणाचे लग्नात मानपान चुकले म्हणून. काही जण चर्चला येईनासे झाले आणि आपणही त्यांच्याकडे जाईनासे झालो. असे एक नाव प्रत्येकाच्या मनात असते. फोन करणे चांगलेच आहे, पण शक्य असेल तर जाऊन या. काही काम काढून जाऊ नका. आणि "कसं काय येणं केलंत?" असे विचारले, तर खरे तेच सांगा : "तुम्हालाच भेटायला आलो."

प्रभू आपणां सर्वांना आशीर्वादित करो.

आपला,
फादर