अंगठा लावा, डोळे मिचकवा

ईएसआयच्या, म्हणजे कर्मचारी राज्य विम्याच्या, १९४८ सालच्या कायद्याला एक परिशिष्ट जोडलं गेलं. त्यात माणसाचं शरीर टक्क्यांत मांडलं. अंगठा गेला तर कमाईची ताकद ३० टक्क्यांनी घटली असं धरायचं. तर्जनी मुळापासून गेली तर १४. एक डोळा गेला आणि दुसरा शाबूत असला, तर ४०. पुण्याजवळच्या भोसरी, तळवडे, चाकण, म्हाळुंगे या कारखान्यांच्या पट्ट्यात हे आकडे पुस्तक न उघडता सांगणारी माणसं भेटतात, आणि ती वकील नसतात.

गाड्या बनवणाऱ्या मोठ्या कंपनीत प्रेसला, हात आत गेला की यंत्र थांबवणारा, लाइट कर्टन असतो, दोन्ही हातांनी दोन बटणं दाबल्याखेरीज रॅम खाली येत नाही. पण त्याच गाडीतला टीचभर ब्रॅकेट तिसऱ्या-चौथ्या फळीतल्या पुरवठादाराच्या शेडमध्ये ठोकला जातो, आणि तिथे उत्पादनाचा आकडा निघावा म्हणून सेन्सर बंद ठेवून काम चालवण्याचे प्रकार होतात. बोटं जातात ती बहुधा तिथे. वाहनउद्योगाच्या पुरवठा साखळीतल्या अशा अपघातांवर सेफ इन इंडिया ही संस्था २०१९ पासून अहवाल काढते आहे. अहवालांचं नावच ‘क्रश्ड’ आहे. दिव्यांग म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर जन्मापासूनचा दोष नाहीतर म्हातारपण येतं. या पट्ट्यात थोडं अपंगत्व शिफ्टमध्येही तयार होतं.

अशा माणसाला पुढे जे जे लागतं ते आता फोनमधून जातं. पीएफ, ईएसआयची दरमहा रक्कम, वर्षाचा हयातीचा दाखला, बँक, रेशन. आणि पहिल्याच पायरीवर यंत्र म्हणतं, अंगठा लावा. आधारला बुबुळं चालतात, चेहराही चालतो, हे खरं. पण कोपऱ्यावरच्या केंद्रात टेबलावर असतं ते बहुतेक वेळा बोटाचं यंत्र. ज्यांचा अंगठा जागेवर आहे त्यांचीही सुटका नाही. वर्षानुवर्षं कूलंटमध्ये हात घालून आणि कानस मारून ठशाच्या रेषा झिजतात. फोर्जिंगच्या हॅमरजवळ आयुष्य काढलेल्याचं ऐकणं जातं. गोंगाटाने आलेला बहिरेपणा कायद्याच्या व्यवसायजन्य आजारांच्या यादीत कधीचाच आहे. त्याच्या ॲपमध्ये पैसे अडकले की पडद्यावर येतं, ‘अधिक माहितीसाठी आमच्या हेल्पलाइनला फोन करा.’

२०११च्या जनगणनेत महाराष्ट्रात २९ लाख ६३ हजार दिव्यांग मोजले गेले. अंगठा नसलेला ऑपरेटर त्यात होता की नव्हता, कोण जाणे. कागदावर तो दिव्यांग ठरो न ठरो, त्या स्कॅनरपुढे तो आहेच.

बोट नाही तर चेहरा दाखवा, हा उपाय निघाला. पण समोर खरा जिवंत माणूस आहे, कुणी फोटो धरलेला नाही, याची खात्री करायला यंत्र सांगतं, डोळे मिचकवा. ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्या प्रज्ञा प्रसून २०२३ मध्ये बँकेत खातं उघडायला गेल्या. त्यांना पापण्या मिटता येत नव्हत्या, म्हणून केवायसी अडलं. त्या आणि त्यांच्यासारखे इतर सर्वोच्च न्यायालयात गेले. अमर जैन या दृष्टिहीन वकिलांनी वेगळी याचिका केली होती. ३० एप्रिल २०२५ रोजी न्यायमूर्ती पारडीवाला आणि न्यायमूर्ती महादेवन यांच्या खंडपीठाने सांगितलं की डिजिटल सेवा वापरता येणं हा घटनेच्या अनुच्छेद २१मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. सोबत वीस निर्देश दिले. जिवंतपणा सिद्ध करायला पापणीशिवाय दुसरी वाट हवी, हा त्यातला एक. माणूस आपल्या पायांनी बँकेत चालत येतो, नाव-गाव सांगतो, आणि तरीही जिवंत ठरत नाही. ज्याने ते ॲप लिहिलं तो दुष्ट नव्हता. त्याच्या टेस्टिंगच्या खोलीत सगळ्यांना पापण्या होत्या, इतकंच.

त्याआधीचा निकाल तर आपल्या शेजारचाच म्हणावा असा. ऑक्टोबर २०२४ मध्ये सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड आपल्या मूळ गावी कनेरसरला येऊन गेले. कनेरसर खेड तालुक्यात, चाकणही खेड तालुक्यातच. त्या भेटीतलं त्यांचं अयोध्येच्या निकालाबद्दलचं एक वाक्य देशभर गाजलं. महिना उलटायच्या आत, ८ नोव्हेंबरला, सरन्यायाधीश म्हणून कामकाजाच्या शेवटच्या दिवशी, त्यांच्या खंडपीठाने दिव्यांगांच्या सोयींबद्दलच्या राजीव रतुरी खटल्यात निकाल दिला. त्याची मात्र चाकणच्या चहाच्या टपरीवर चर्चा झाली नाही. २०१६चा दिव्यांगजन हक्क कायदा म्हणतो, सोयी केल्याच पाहिजेत. त्याखालचे २०१७चे नियम म्हणत होते, सोयींचे निकष नुसत्या मार्गदर्शक सूचना समजा. न्यायालयाने नियम १५चा पहिला पोटनियम कायद्याशी विसंगत ठरवला आणि केंद्राला तीन महिन्यांत बंधनकारक नियम करायला सांगितलं. रतुरी यांची मूळ याचिका २००५ची होती.

आता न्यायालयातून फोनच्या बटणाकडे येऊ. न दिसणारा माणूस स्मार्टफोन कसा वापरतो, हे अजून पुष्कळांना ठाऊक नसतं. अँड्रॉइडमध्ये टॉकबॅक असतं, आयफोनमध्ये व्हॉइसओव्हर. बोट उजवीकडे सरकवलं की पडद्यावरची पुढची गोष्ट फोन बोलून दाखवतो, दोनदा टकटक केलं की ती उघडते. संगणकावर एनव्हीडीए हे पडदा वाचणारं सॉफ्टवेअर चालतं. मायकेल करन आणि जेम्स टेह या दोन दृष्टिहीन ऑस्ट्रेलियन तरुणांनी ते २००६ पासून बनवलं आणि ते फुकट आहे. सरावलेला माणूस हा आवाज इतक्या वेगाने ऐकतो की शेजारच्याला शब्दही लागत नाही. म्हणजे साधन तयार आहे, मराठी बोलणारा आवाजही आहे. अडतं ते ॲपमध्ये. चित्राच्या बटणाला प्रोग्रामरने नाव दिलं नसेल, तर फोन नुसतं ‘बटण’ म्हणतो. पुढचं बटण, तेही ‘बटण’. पैसे पाठवा कुठलं आणि रद्द करा कुठलं? नाव द्यायला कोडची एक ओळ लागते. ती ओळ न लिहिल्यामुळे पदवी घेतलेला, नोकरी करणारा माणूस वीजबिल भरायला शेजारच्या पोराच्या हातात फोन देतो, आणि फोनबरोबर पिनही.

मराठीत याला आणखी एक पीळ आहे, आणि तो पुण्याचाच आहे. श्रीलिपीचे मराठी फाँट इथल्याच मॉड्युलर इन्फोटेकचे, जिस्टचे इथल्याच सी-डॅकचे. एके काळी या फाँटांनी मराठी छपाईला मोठा हात दिला, ते ऋण नाकारायचं कारण नाही. पण त्यांत पडद्यावर ‘क’ दिसतो तेव्हा संगणकाच्या पोटात भलतंच रोमन अक्षर असतं. डोळ्यांना मराठी, यंत्राला अगम्य. प्रत्येक अक्षराला स्वतःचा ठरलेला क्रमांक देणाऱ्या युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून आहे. तरीही जुन्या फाँटात टाइप केलेली जाहीर सूचना पीडीएफ करून संकेतस्थळावर चढते आणि वाचक सॉफ्टवेअर तिचा मंत्र म्हणत बसतं. त्याहून वाईट म्हणजे कागद छापायचा, शिक्का मारायचा, सही करायची, स्कॅन करायचा आणि तो फोटो चढवायचा. त्यावर फोन गप्पच. दिव्यांगांसाठीच्या योजनेची माहितीसुद्धा अशा फोटोतून आलेली सापडते. संकेतस्थळाच्या वरच्या कोपऱ्यात ‘अ-, अ, अ+’ अशी तीन बटणं मात्र न चुकता असतात, जणू तेवढ्याने कायदा पाळला. ज्याला मोठी अक्षरं लागतात त्याने फोनमध्ये ती आधीच मोठी करून घेतलेली असतात. ज्याला दिसतच नाही त्याने त्या तिसऱ्या ‘अ’चं काय करावं?

मला या सगळ्यात नवल वाटतं ते वेगळंच. याच पट्ट्याने देशाला क्वालिटी शिकवली. चाकणच्या लाइनवर पोका-योके हा जपानी शब्द हेल्परच्याही तोंडी असतो. पार्ट उलटा बसूच शकणार नाही असं फिक्स्चर करायचं. चुकला तर ऑपरेटरला शिव्या न देता फिक्स्चर बदलायचं. ड्रॉइंगवर असताना चूक खोडरबराने जाते, डाय बनल्यावर लाखांत जाते, गाडी गिऱ्हाइकाच्या दारात गेल्यावर रिकॉल निघतो. हे इथे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. एक भोक कमी असलेला ब्रॅकेट लाल डब्यात जातो आणि पुरवठादाराला उत्तर द्यावं लागतं. मग इथून फार दूर नसलेल्या हिंजवडीच्या आयटी कंपन्यांत वीस बटणांना नाव नसलेलं ॲप पास कसं होतं? कुणी विचारलं तर उत्तर येतं, ‘पुढच्या रिलीजला बघू.’ आणि वापरणाऱ्याला जमलं नाही की, त्याला जमत नाही, असं म्हणून मोकळं व्हायचं. लाइनवर ऑपरेटरबद्दल असं म्हणणाऱ्या सुपरवायझरला क्वालिटीवाले उभं करतील.

हे काम दयेच्या खात्यात टाकल्यामुळे मागे पडतं, असं माझं मत आहे. दया सवडीने करता येते. तपासणी सवडीने करता येत नाही. संकेतस्थळं सगळ्यांना वापरता यावीत यासाठीचे जागतिक निकष १९९९ पासून आहेत, भारत सरकारच्या संकेतस्थळांसाठीच्या सूचना २००९ पासून आहेत. अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्यात साडेचारास एक इतका तरी फरक हवा, असं मोजमापासकट त्यांत लिहिलेलं आहे. भर उन्हात गेटबाहेर उभं राहून बसचं तिकीट काढणाऱ्या धडधाकट माणसालाही त्याच फरकाने पडदा वाचता येतो, हा वरचा फायदा. तपासायला दृष्टिहीन, कर्णबधिर, एका हाताने काम करणारी माणसं पगारावर घ्यावीत. त्यांना एखाद्या दिवशी बोलावून शाल-श्रीफळ देऊ नये.

पिंपरी-चिंचवड महापालिकेने मोरवाडीला दिव्यांग भवन उभारलं, जानेवारी २०२५ मध्ये चिंचवडच्या ऑटो क्लस्टरमध्ये ‘पर्पल जल्लोष’ हा महोत्सव भरवला. चांगलं केलं. आता शहरातल्या प्रत्येक नागरी ॲपचा पुढचा करार करताना निविदेत एक अट घालावी, की टॉकबॅक लावून, पडदा काळा करून, मिळकतकर भरून दाखवल्याशिवाय शेवटचा हप्ता मिळणार नाही. कंत्राटदार एका आठवड्यात शिकेल.

तोवर आपल्या हातातलं काम थोडंच आहे. आपल्या फोनच्या सेटिंगमध्ये टॉकबॅक किंवा व्हॉइसओव्हर आहे. बंद कसं करायचं ते आधी वाचून घ्या, मग चालू करा, डोळे मिटा आणि रोजच्या वापरातल्या ॲपमधून शंभर रुपये पाठवून बघा. जिथे फोन नुसतं ‘बटण’ म्हणेल त्या पडद्याचं नाव आणि तारीख लिहून कंपनीला पाठवा. उत्तर आलं नाही, तर तक्रार करा. २०१६च्या कायद्याच्या कलम ८९ खाली पहिल्या उल्लंघनाला दहा हजारांपर्यंत आणि नंतरच्या प्रत्येकाला पन्नास हजार ते पाच लाख रुपये दंड आहे. राज्याच्या दिव्यांग आयुक्तांचं कार्यालय पुण्यातच आहे.