शपथ आणि सोबत

गेल्या पावसाळ्यात पोंभुर्ण्यास मुक्काम असता पुतण्याच्या आग्रहावरून टॉल्किन यांची ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ ही इंग्रजी अद्भुतकथा मी पुन्हा वाचली. १९५४-५५ साली तिचे तीन खंड प्रसिद्ध झाले. तीत गिम्ली नावाचा एक खुजा आहे. खुजा म्हणजे येथे थट्टेचा विषय झालेला ठेंगू माणूस नव्हे. डोंगराच्या पोटात राहून दगड घडविणाऱ्या एका हट्टी, कष्टाळू वंशाचा तो वीर आहे.

एका दुष्ट अंगठीचा नाश करण्यासाठी नऊ सोबती निघतात. त्या वेळी ज्ञानवृद्ध एल्रॉण्ड सांगतो की, अंगठी वाहणाऱ्या फ्रोडोवाचून कोणावरही बंधन नाही. ज्याला जेथून वाटेल तेथून त्याने परतावे. गिम्लीस हे रुचत नाही. शपथ घेतली असता डळमळते मन सावरेल, असे त्याचे म्हणणे. तीच शपथ मन मोडूनही टाकील, हे एल्रॉण्डचे भय. या दोघांत खरा कोण?

आपण भीष्मप्रतिज्ञेची कथा ऐकत वाढलेले लोक; आपला कौल सहजच गिम्लीकडे जातो. परंतु शपथ घेणाराची दृष्टी बहुधा त्या दिवसापुरतीच पोहोचते. ज्या पित्याच्या सुखासाठी देवव्रताने राज्य आणि संसार सोडला, तो शंतनू गेला. प्रतिज्ञा मात्र उरली. पुढे द्रौपदीने भर सभेत प्रश्न केला, तेव्हा धर्माची गती सूक्ष्म आहे, यापलीकडे त्या महापुरुषास काही सांगता आले नाही. प्रतिज्ञा अभंग राहिली. सोबत कोणाची झाली?

गिम्लीची कसोटी मृतांच्या मार्गाच्या दाराशी लागते. जन्मभर भुयारांत वावरलेला हा खुजा तेथे एकटा मागे राहतो. त्याचे गुडघे कापू लागतात. वनात रमणारा त्याचा मित्र लेगोलास आत गेला आणि आपण बाहेर, याची त्यास लाज वाटते, व तो आत शिरतो. शपथ त्याने घेतलेलीच नव्हती. उलट त्या अंधारात भटकणारे प्रेतात्मे मात्र शपथ घेऊन ऐन युद्धात ती मोडलेल्यांचे! कथाकाराने ही जुळणी हेतुतः केली असो वा नसो, एल्रॉण्डच्या बाजूने याहून बळकट साक्ष मला सुचत नाही.

लाज हेही एक बंधनच नव्हे काय, असे कोणी विचारील. आहे, पण ते कोणी घातलेले नाही. पुढे त्या रात्रीविषयी बोलणेही गिम्लीस नको वाटते. नायक अरागॉर्नच्या इच्छाशक्तीनेच आपण टिकलो, असे तो कबूल करतो; लेगोलास त्यात त्याच्यावरील प्रेमाची भर घालतो. मला दोघांचेही पटते.

माझ्या लहानपणी एकदा पलीकडच्या गावाहून रानवाटेने परतताना आईला व मला तिन्हीसांजा झाल्या. ओळखीचे एक वृद्ध बुरूड बांबूची मोळी तेथेच टाकून आमच्याबरोबर निघाले. वाघाचे भय त्यांना आमच्याहून अधिक, कारण ते त्याला ओळखत होते. प्रत्येक वळणावर ते ‘कायले आलो बाप्पा!’ असे पुटपुटत आणि पुढे पाऊल टाकीत. घरी पोहोचल्यावर ते ओसरीवर बसले, तांब्याभर पाणी प्याले, आणि उजाडेपर्यंत त्यांनी परतीच्या वाटेचे नावही काढले नाही.